हेडफोनची केबल बदलून अकरा महिने झाले

दिवसाचे पाच-सहा तास माझ्या कानावर हेडफोन असतो. मुलाखती आणि व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज ऐकून शब्दन् शब्द उतरवून द्यायचा, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. रात्री आई झोपली की त्याच हेडफोनवर तास-दीड तास गाणं ऐकते. इंदूरच्या राजेंद्रनगरातलं आमचं घर जुनं, खोल्यांना मधे धड दारंही नाहीत, त्यामुळे स्पीकर लावायची सोयच नाही. एवढं आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते अशा रोजच्या वापरातून आलेलं आहे.

हेडफोन बंद कपांचा, ३२ ओमचा (ओम म्हणजे रोधाचं, विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). दोन्ही कपांत वेगवेगळी ३.५ मिलिमीटरची पिन जाते आणि केबल काढता-घालता येते. सोबत आलेली केबल तीन मीटरची होती. टेबलापासून माझं डोकं सव्वा मीटरवर, म्हणजे उरलेली केबल जमिनीवर वेटोळं करून पडलेली. गेल्या वर्षी त्या वेटोळ्यावरून खुर्चीचं चाक गेलं आणि डाव्या कानाचा आवाज ये-जा करायला लागला. कामाची घाई होती, म्हणून दहा दिवस मी डाव्या हाताने केबल एका विशिष्ट कोनात धरून टाइप केलं. मान आखडली तेव्हा कुठे उठले.

विजयनगरला राहणारा माझा भाचा या नादात बुडालेला आहे. तो म्हणाला, "मावशी, दुरुस्त काय करतेस? सिल्व्हरची घे, एकदम पडदा उघडल्यासारखं वाटेल." चांदीचा मुलामा दिलेल्या आठ पदरांची, वेणी घातलेली केबल ऑनलाइन मागवली, ४,६०० रुपये. दिसायला फार सुंदर. ती यायच्या आत मी जुनी केबलही जेल रोडला दुरुस्तीला नेली होती, कारण काम थांबवणं परवडत नव्हतं.

जेल रोडच्या त्या कारागिराने केबल कापून आतल्या तारा मोकळ्या केल्या, तेव्हा मी पहिल्यांदाच हेडफोनच्या केबलचं पोट पाहिलं. केसासारख्या बारीक तारा, काही लाल, काही हिरव्या, काही तांब्याच्या रंगाच्या, आणि मधे मऊ धाग्यांचा झुबका. तो रंग म्हणजे प्लास्टिक नव्हे, तारेवर चढवलेलं इनॅमल. ते जाळल्याशिवाय डाग, म्हणजे सोल्डरचा टाका, बसत नाही. त्याने सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घेतला आणि तारांची टोकं त्यात बुडवून धरली. जरासा धूर निघाला, इनॅमल करपलं आणि तारा चकाकल्या. "मैडम, लोग यहीं पे गलती करते हैं, बिना जलाए टाँका लगा देते हैं," तो म्हणाला. १२० रुपये घेतले. ती केबल आजही चालते.

म्हणजे माझ्याकडे एकाच हेडफोनसाठी दोन चालू केबली झाल्या, आणि तुलना करायची संधी आपोआप चालून आली.

पहिल्या रात्री मला फरक ऐकू आला, हे मी लपवणार नाही. अमीर खाँसाहेबांचं विलंबित लावलं होतं. इंदूरचं गाणं आहे ते, इथेच घडलेलं. त्या संथ बढतीत दोन स्वरांमधली जी जागा असते तीही गाण्याचाच भाग असते. चांदीच्या केबलवर ती जागा जास्त स्वच्छ वाटली, तानपुरा जवळ आल्यासारखा वाटला. भाच्याला फोन करून सांगितलंसुद्धा. पण त्याआधीचे दहा दिवस मी अर्ध्या-पाऊण आवाजावर काढले होते आणि त्या रात्री आठवड्यातून पहिल्यांदाच दिवा मालवून, काही न करता नुसती ऐकत बसले होते. हे लक्षात यायला मला महिना लागला.

मग मल्टिमीटर काढला. साधे मीटर एक ओमच्या खाली गडबडतात. माझ्या मीटरच्या दोन्ही प्रोब नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ ओम दिसतात, तेवढे वजा करावे लागतात. तसं करून मोजलं, तर जुन्या केबलची जायची-यायची तार मिळून साधारण १.१ ओम भरली, चांदीवालीची ०.४. बत्तीस ओमच्या हेडफोनवर याचा अर्थ चांदीवाली ०.२ डेसिबलहूनही किंचित कमी फरकाने मोठी वाजते. एवढा फरक कोणी "मोठा आवाज" म्हणून ओळखत नाही, पण शेजारीशेजारी ठेवून ऐकलं की जे किंचित मोठं ते जास्त स्वच्छ वाटतं.

आणि हा फरकही चांदीचा नाही, जाडीचा आहे. शुद्ध चांदी तांब्यापेक्षा सहा-सात टक्केच जास्त विद्युतवाहक असते. मुलामा तर वरचा पातळ थर, आत तांबंच. तांब्याच्या शुद्धतेवर जे पैसे घेतात त्याचंही तसंच. तांब्याची वाहकता मोजायचं आंतरराष्ट्रीय माप १९१३ साली ठरलं, त्यातलं शंभर टक्के म्हणजे तेव्हाचं चांगलं तापवून मऊ केलेलं तांबं. आजचं ऑक्सिजनमुक्त तांबं त्या मापावर १०१ टक्क्यांच्या आसपास येतं. 'ओसीसी' म्हणून जे विकतात ते जपानच्या चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापक आत्सुमी ओनो यांच्या सलग ओतकामाच्या पद्धतीचं तांबं. धातूशास्त्रातलं ते खरंखुरं, देखणं काम आहे. पण दीड मीटरच्या केबलमध्ये जो फरक त्याने पडतो, तोच तार एक नंबर जाड घेतली तरी पडतो, त्याहून जास्तच.

तरी माझा माझ्या कानावर विश्वास होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला बसवलं आणि डोळे बांधून चाचणी केली. पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या, कारण वेणीची केबल जड आहे, मानेला लागली की लगेच कळते. मग दोन्ही केबली कपांपासून वीतभर अंतरावर खुर्चीच्या पाठीला कपड्यांच्या चिमट्याने अडकवल्या, वजन कळेनासं झालं. प्लेअरमध्ये चांदीवालीचा आवाज ०.२ डेसिबलने उतरवून दोन्ही सारख्या केल्या. एकच तीस सेकंदांचा तुकडा, सोळा वेळा. नाणं उडवून तो केबल निवडायचा आणि मी सांगायचं. निव्वळ नशिबावर आठ बरोबर येतात. बारा आले असते तर मी म्हटलं असतं की काहीतरी आहे. माझे नऊ आले. भाच्याने स्वतः करून पाहिलं, त्याचे सात. तो बराच वेळ गप्प बसला होता. मलाही वाईट वाटलं, कारण ती पहिली रात्र खरंच छान गेली होती.

पण इथेच थांबले तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. केबलने आवाज बदलतो अशी एक जागा आहे, आणि ती भाच्याच्याच कानात सापडली. त्याचे कानात घालायचे इयरफोन अनेक ड्रायव्हरचे (ड्रायव्हर म्हणजे आतला चिमुकला स्पीकर), कागदावर १० ओमचे. असल्या इयरफोनचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, कुठे तीस ओम, तर वरच्या सुरांत कुठे पाच. त्याने हौसेने घेतलेली नवी, नाजूक केबल मूळच्या केबलपेक्षा सव्वा ओमने जास्त भरली. हिशेब केला तर जिथे तीस ओम तिथे आवाज पाव-अर्धा डेसिबल उतरतो आणि जिथे पाच तिथे पावणेदोन-दोन. म्हणजे वरच्या सुरांत दीड डेसिबलची घट. ती ऐकू येते. तो त्यालाच "ऊबदार, अॅनालॉग" म्हणत होता. जुनी केबल लावून दिली तर झांजेची किणकिण परत आली. तीनशे ओमच्या हेडफोनवर हाच सव्वा ओम शोधूनही सापडणार नाही.

आणखी एक घोटाळा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड पिनचा, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवणाऱ्या पिनचा. फोनला लावायच्या बऱ्याच छोट्या डॉंगलमध्ये बॅलन्स्ड आउटपुट दुप्पट व्होल्टेज देतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. लोक नवी केबल लावतात, आवाज एकदम भरदार होतो आणि श्रेय केबलला जातं.

चांदीची केबल पाचव्या महिन्यात हिरवी पडली. पारदर्शक आवरणाच्या आत, मानेला घाम लागतो तिथून सुरुवात झाली आणि पुढे तर शेवाळ धरल्यासारखी दिसू लागली. आवाजात काही बिघडलं नव्हतं, पण उजव्या कपातली पिन सैल झाली आणि मान वळवली की खरखर यायची. विकणाऱ्याला कळवलं. पिन वापराने झिजते, ती वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. पिन साच्यात ओतून बंद केलेली, उघडायची सोयच नाही. ४,६०० रुपयांची वस्तू आणि १२० रुपयांची दुरुस्ती तिच्यावर होऊ शकत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

तेव्हा ठरवलं, केबल हाताने बनवायची. मोगामीची २८९३ ही बारीक, चार गाभ्यांची माइकची तार, न्यूट्रिकची स्क्रू उघडणारी पिन, कपांसाठी दोन सडपातळ पिना, वरून पॅराकॉर्डचं कापडी आवरण, हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). सगळं मिळून १,६५० रुपये. सोल्डरिंग आयर्न घरात होतंच, बाबांचं पंचवीस वॅटचं सोल्ड्रॉन. लांबी टेबलाशी बसून दोरीने मोजली, एक मीटर चाळीस.

पहिल्या प्रयत्नात एक विलक्षण प्रकार झाला. केबल लावून एक नवं रेकॉर्डिंग सुरू केलं, तर गायिका गायब. तबला कुठेतरी दूर, टाळ्या, सभागृहाचा घुमारा, सगळं आहे, आणि मधोमध जिथे गळा असायला हवा तिथे पोकळी. मग जुनं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं, रेकॉर्डिंग लावलं, तर जवळजवळ शांतता. मी घाबरले, हेडफोन गेला असं वाटलं. कारण साधं होतं: पिनेच्या मुळाशी दोन्ही कानांची परतीची तार जिथे एकत्र येते, तो डागच कच्चा राहिला होता. परतीची वाट तुटली की दोन्ही ड्रायव्हर एका रांगेत जोडले जातात आणि दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं एकमेकांना खोडतं. उरतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. गळा बहुतेक वेळा मधोमध असतो, म्हणून आधी तोच जातो. झाकण उघडून पाहिलं तर डाग मळकट, दाणेदार दिसत होता. चांगला डाग गुळगुळीत आणि चमकदार असतो. थोडं फ्लक्स लावून, पिनेचं धातू आधी नीट तापवून पुन्हा डाग दिला आणि गळा जागेवर आला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो चांदीच्या केबलच्या पहिल्या रात्रीपेक्षा मोठा होता.

गेले सहा महिने हीच केबल रोज वापरते. रोध ०.५ ओम. आवाज बाकी दोघींसारखाच. डोळे बांधून करायची गरज वाटली नाही. पण माझा दिवस बदलला. चाकाखाली यायला जमिनीवर काही उरलेलंच नाही. जुनी रबरी केबल टेबलाच्या कडेला घासली की कानात खरवड यायची आणि मुलाखतीतला हळू बोललेला शब्द तिच्यात बुडायचा, मला तो तुकडा पुन्हा ऐकावा लागायचा. केबलमधून यांत्रिकपणे येणारा तो आवाज कापडी आवरणाने खूप कमी झाला, आणि माझ्या कामात हा सगळ्यांत मोठा फायदा आहे. तोटा एकच, तार थोडी ताठ आहे. पहिले तीन आठवडे ती हेडफोनला एका बाजूला ओढत असे. चार गाभ्यांची जाड तार घेतली असती तर जास्तच त्रास झाला असता. स्टुडिओत ताणून ठेवायला ती छान, मानेजवळ नको.

कोणी विकत घेणार असेल तर आधी आपल्या हेडफोनच्या कपात पिनेचा कोणता भाग कुठे जोडला आहे ते बघावं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं जोडकाम कंपनीगणिक वेगळं असतं. एका कानात उलटी जोडली गेली तर आवाज येतो, पण खर्ज पोकळ, विखुरल्यासारखा वाटतो आणि डोकं गरगरल्यासारखं होतं. आणि पिनेचं झाकण स्क्रूने उघडतं का, हे विकणाऱ्याला विचारावं. बोटाएवढ्या सोन्याच्या रंगाच्या गुळगुळीत पिनेपेक्षा उघडणारी काळी पिन घ्यावी.

भाच्याने आता त्याच्या हेडफोनसाठी केबल करून मागितली आहे, दोन मीटरची. तार पुरली तर दसऱ्यापर्यंत देते म्हटलंय. माझ्याच केबलची पिन मागच्या रविवारी जरा सैल वाटली, तेव्हा झाकण उघडून दोन सेंटिमीटर तार कापली आणि नवा डाग दिला. पोहे होईपर्यंत काम झालं होतं.