क्वारंटाइन टँकचं पाणी : तयार स्पंज, रोजचा वॉटर चेंज की टँक ट्रान्सफर?

नवा समुद्री मासा मुख्य टँकमध्ये सोडण्याआधी काही आठवडे वेगळा ठेवावा, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत असतं. वाद सुरू होतो तो पाण्यावरून. क्वारंटाइन टँक बहुधा ४० ते ८० लिटरचा असतो. तळाला वाळू नाही, लाइव्ह रॉक (जिवाणूंची वस्ती असलेला समुद्री खडक) नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-चार तुकडे. अमोनिया खाणारे जिवाणू एरवी जिथे वस्ती करतात ती जागाच इथे नसते. मासा मात्र पहिल्या मिनिटापासून कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत राहतो. तो काढण्याचे तीन मार्ग आहेत: आधीच जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर, रोज पाणी बदलणं, किंवा मासाच दर तीन दिवसांनी दुसऱ्या टँकमध्ये हलवणं.

खाऱ्या पाण्यात अमोनियाची एवढी धास्ती का, ते आधी बघू. पाण्यात तो दोन रूपांत असतो: फ्री अमोनिया आणि अमोनियम. घातक असतो तो फ्री अमोनिया. अमोनियम त्या मानाने निरुपद्रवी. पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का फ्री असतो. समुद्री टँकच्या ८.१-८.२ पीएचला, २५ अंशांच्या आसपास, हाच वाटा ५ ते ७ टक्क्यांवर जातो. म्हणजे टेस्ट किट गोड्या पाण्यात दाखवेल तोच आकडा इथे दसपट जाचक ठरतो. जिवाणू अमोनियापासून बनवतात त्या नायट्राइटचं मात्र उलट आहे. समुद्राच्या पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे ते माशाच्या शरीरात फारसं शिरत नाही, त्यामुळे क्वारंटाइनमध्ये नायट्राइट दिसलं तरी झोप उडवायचं कारण नाही. त्यापुढे बनणाऱ्या नायट्रेटकडे तर एवढ्या थोड्या दिवसांत बघूही नका.

आता हिशेब. समजा तुमच्या माशांमुळे रोज ०.२५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) अमोनिया वाढतो. रोज पाव टँक पाणी बदललं, तर बदलण्याआधीची पातळी हळूहळू चढत १ पीपीएमवर जाऊन थांबते. ती त्याखाली येत नाही, कारण तीन चतुर्थांश जुनं पाणी रोज मागे राहतंच. निम्मं बदललं तर हा आकडा ०.५ होतो. दर तिसऱ्या दिवशी मासा पूर्ण ताज्या पाण्यात हलवला, तर हलवण्याच्या क्षणी ०.७५ आणि पुढच्याच क्षणी शून्य. चांगल्या तयार स्पंजवर मात्र पातळी शून्याजवळच राहते. निव्वळ पाण्याच्या दृष्टीने निकाल इथेच लागतो. तरीही निर्णय सोपा नाही, कारण पाण्यात औषध पडणार असतं.

कॉपरचं, म्हणजे तांब्याच्या औषधाचं, उदाहरण घ्या. व्हाइट स्पॉट (क्रिप्टोकॅरियॉन) आणि व्हेल्वेट (अमायलोओडिनियम) या दोन्ही परजीवी रोगांवर ते चालतं. चिलेटेड (दुसऱ्या द्रव्याशी बांधलेलं) कॉपर साधारण २ ते २.५ पीपीएम इतकं, सलग ३० दिवस राखावं लागतं. ५० लिटरच्या टँकमध्ये रोज निम्मं पाणी बदलायचं म्हणजे रोज २५ लिटर नवं पाणी आणि जवळपास किलोभर मीठ. महिन्याचं साडेसातशे लिटर पाणी नि तीसेक किलो मीठ झालं! शिवाय प्रत्येक बादलीत कॉपर त्याच मात्रेत आधी घालायचं. एक दिवस विसरलात, तर २.२५ चं १.१ वर येतं, परजीवी मोकळे होतात आणि तीस दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. पाणी बदलण्याची पद्धत फसते ती बहुतेकदा अमोनियामुळे नव्हे, अशा चुकलेल्या मात्रेमुळे. म्हणून लांबच्या कॉपर उपचारासाठी केवळ वॉटर चेंजवर विसंबायला माझा ठाम विरोध आहे. एकच लहान मासा असेल, औषध नसेल, नुसतं निरीक्षण करायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

स्पंजचीही अट आहेच. तो मुख्य टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरसाठी जोडलेल्या वेगळ्या टाकीत) चार ते सहा आठवडे आधी टाकून ठेवावा लागतो. मासा घेतल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. त्यावरची जिवाणूंची वस्ती मिळणाऱ्या अमोनियाइतकीच मोठी असते. एका माशाच्या हिशेबाने चालवलेल्या टँकमध्ये एकदम तीन सोडले, तर ती वाढेपर्यंत काही दिवस पाणी बदलावं लागतंच. कॉपरमुळे जिवाणू मंदावतात, पण जुनी वस्ती सहसा तग धरते. अँटिबायोटिक्सचा भरवसा देता येत नाही, तेव्हा त्या काळात रोज टेस्ट करायचीच. मुख्य टँकमध्येच व्हाइट स्पॉट असेल, तर तिथला स्पंज म्हणजे रोगाला दिलेलं आमंत्रण. आणि कॉपरमध्ये वापरलेला स्पंज परत सम्पमध्ये जाऊ द्यायचा नाही, कारण कोरल आणि कोळंबी कॉपर सोसत नाहीत. घाईघाईत ‘जिवाणू हवेत ना’ म्हणून लाइव्ह रॉकचा तुकडा टाकणारेही भेटतात. तो रॉक कॉपर शोषून घेतो. मग मात्रा टिकत नाही, आणि दोष औषधाला दिला जातो.

स्पंजचा एक फायदा बोलण्यात येत नाही: ऑक्सिजन. २५ अंशांना गोडं पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, खारं पाणी जेमतेम ६.७. कल्ल्यांवर परजीवी असलेल्या माशाला हा फरक चांगलाच जाणवतो. एअर पंपवर चालणारा स्पंज पाणी सतत हलतं ठेवतो. पाणी बदलण्याच्या पद्धतीत एअर स्टोन वेगळा लावावा लागतो, आणि लोक नेमका तोच विसरतात.

टँक ट्रान्सफरचं तत्त्व व्हाइट स्पॉटच्या जीवनचक्रावर उभं आहे. परजीवी माशावरून गळून तळाला गाठ बांधतो आणि त्या गाठी फुटायला किमान तीन दिवस लागतात. त्याआधी, दर ७२ तासांच्या आत, मासा कोरड्या केलेल्या दुसऱ्या टँकमध्ये ताज्या पाण्यात हलवायचा, असं चारदा. बारा दिवसांत, औषधाशिवाय काम होतं. स्पंजवर जिवाणू जपायची गरजच नाही, कारण सगळं सामान दर वेळी वाळवायचंच असतं. पण ही युक्ती फक्त व्हाइट स्पॉटची. व्हेल्वेट, ब्रुकलिनेला, फ्लूक या इतर परजीवींवर तिचा भरवसा नाही. शिवाय सतत जाळीत सापडणं घाबरट माशाला मानवत नाही.

अमोनिया ‘बांधणाऱ्या’ बाटल्यांवर बहुधा २४ ते ४८ तासांचा दावा असतो. आणीबाणीला ठीक, रोजचा आधार म्हणून नको. कॉपर चालू असताना तर हातही लावू नका: यातली बरीच द्रव्यं कॉपरचं रूप बदलून ते माशाला जास्त विषारी करतात. ट्रान्सफरमध्ये कॉपर नसतं, म्हणून मोठा मासा असेल तर तिसऱ्या दिवशी ही बाटली तिथे खपून जाते. बाटलीबंद जिवाणूंचं म्हणाल, तर मासा येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी अमोनियम क्लोराइड खाऊ घालून त्यांना स्पंजवर बसवलंत तर उत्तम. मासा टँकमध्ये सोडून वरून बाटली ओतणं हा जुगार.

कोणताही मार्ग घ्या, उडालेलं पाणी गोड्या पाण्यानेच भरा. ४० लिटरमधून दोन लिटर उडालं, की ३५ ची सॅलिनिटी (खारेपणा) ३६.८ होते, वर पुन्हा खारं पाणी ओतलंत, तर ती आणखी चढते.

मग निवड कशी करायची? कॉपर नक्की द्यायचं असेल, किंवा एकाहून जास्त मासे असतील, तर स्पंज, आणि हाताशी तितक्याच मात्रेचं कॉपर घातलेलं तयार पाणी. काळजी फक्त व्हाइट स्पॉटची आणि मासा लहान, धीट, खाणारा असेल, तर ट्रान्सफर. त्यानंतर दोन आठवडे निरीक्षण, आणि त्या निरीक्षणाच्या टँकला स्पंज हवाच. म्हणजे दोन्ही वाटांवर स्पंज कुठेतरी लागतोच. तो आजच सम्पमध्ये टाका. मासा आधीच ठरवला असेल, तर विक्रेत्याला तो महिनाभर आपल्याकडे ठेवायला सांगा. तो नाही म्हणाला, तर पहिला पंधरवडा रोज निम्मं पाणी, दिवसाला एकदाच मोजकं खाणं आणि रोज संध्याकाळी अमोनियाची टेस्ट, एवढं पत्करूनच माशाला घरी आणा.