रंगाखालचे फोटो मागा: १९३४ च्या फोर्ड कूपेत मी कसा फसलो

"गाडीच्या पोटाखालचा फोटू दाव. वरचा रंग काय बघायचा?"

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी अडतीस वर्षं लेथ चालवला. गाड्यांचा धंदा कधी केला नाही, पण जोड आणि वेल्डिंगची पारख पक्की. शोरूमनं पाठवलेले एकशेवीस फोटो मी त्यांना दाखवले होते. पोटाखालचे त्यात चारच होते, आणि चारही ताज्या काळ्या कोटिंगचे. मी म्हटलं, "आबा, प्रोफेशनल शॉपनं बांधलेली गाडी आहे, पावत्या आहेत सगळ्या." ते पुढं काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मी ५८,५०० डॉलर पाठवले.

मी ओहायोत राहतो. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोन मराठी मित्रांनी मला अशाच गाड्यांच्या जाहिराती पाठवून "कशी वाटते?" विचारलं. दोन्हींत तेच शब्द होते, "प्रोफेशनली बिल्ट". म्हणून जे झालं ते सगळं लिहून काढतो आहे.

ज्यांना या गाड्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्ट्रीट रॉड म्हणजे जुन्या व्याख्येप्रमाणे १९४८ किंवा त्याआधीची गाडी, अंगानं जुनी पण आतून आजच्या रस्त्यांसाठी नव्यानं बांधलेली. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग, एसी, सगळं नवं. १९३२ आणि १९३४ च्या फोर्ड कूपे, म्हणजे दोन दारांच्या गाड्या, या छंदातल्या सगळ्यांत लाडक्या. ३४ ची कूपे मूळची ११२ इंच व्हीलबेसची, ८५ हॉर्सपॉवरच्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाची, आणि तिची दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली, उलटी उघडणारी. लहानपणी दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात यायची, तेव्हा मी आबांच्या खांद्यावरून ती बघायचो. जुन्या गाडीचं वेड तिथलं. ३४ चं ते तिरकं ग्रिल पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून माझ्या मनात दुसरी गाडी आलीच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रिस्टोअर केलेल्या गाडीत मूळ काय होतं ते पुस्तकातून ताडून बघता येतं. स्ट्रीट रॉडला असं ताडायला काही नसतं. प्रत्येक गाडी एकुलती एक. म्हणून ती कोणी बांधली, आणि कुठपर्यंत बांधली, हाच तिचा खरा कागद. माझी फसवणूक नेमकी तिथं झाली.

जाहिरातीत लिहिलं होतं: मूळ फोर्डची स्टीलची पाच खिडक्यांची बॉडी, छत कापून तीन इंच खाली उतरवलेलं, नवं ३८३ स्ट्रोकर (लांब स्ट्रोकचं, ३८३ घनइंची) इंजिन, १,२०० मैल, नामांकित शॉपमध्ये बांधलेली, बांधकामाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. शोरूम दक्षिणेकडच्या एका राज्यात होतं आणि गाडी तिथं कन्साइनमेंटवर होती, म्हणजे मालक वेगळा, शोरूम फक्त दलाल. हा फरक मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही. मी स्वतंत्र इन्स्पेक्टर पाठवतो म्हटलं, तर सेल्समन अगदी प्रेमानं म्हणाला, "जरूर पाठवा, पण त्याला यायला आठ-दहा दिवस लागतील आणि जर्मनीचा एक गिऱ्हाईक आजच ॲडव्हान्स द्यायला तयार आहे." मी घाबरलो. इन्स्पेक्टर रद्द केला.

गाडी आली तेव्हा शेजारपाजारचे बघायला जमले. दिसायला देखणी होती, आजही आहे. पण पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी लक्षात आल्या. ब्रेकचा पेडल पहिल्यांदा दाबला की खाली जायचा, दुसऱ्यांदा दाबला की धरायचा. आणि साठ मैलांच्या वेगाला गाडी डावीकडे ओढायची. "अहो, स्टिअरिंग असं का धरलंय तुम्ही?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा मला कळलं की मी दोन्ही हातांनी गाडी सरळ ठेवायला झटतोय. तिला घेऊन मी असे पाच-सहा वेळा हायवेवर गेलो होतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ब्रेकचं कारण साधं निघालं. या गाड्यांत ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बहुतेकदा जमिनीच्या पत्र्याखाली असतो, चाकांच्या ब्रेकपेक्षा खालच्या पातळीवर. मग तेल उताराला लागून परत येतं. ते अडवायला लाइनमध्ये छोटे व्हॉल्व्ह बसवतात, डिस्क ब्रेकला दोन पौंड दाबाचा, ड्रम ब्रेकला दहाचा. दोन्ही मिळून जेमतेम एका हॉटेलच्या जेवणाच्या खर्चात येतात. माझ्या गाडीत एकही नव्हता. ज्याला हे काम येतं तो माणूस हे विसरत नाही.

मग जूनमध्ये सिग्नलला इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट गेली. हेड उतरवलंच होतं, म्हणून मी मेकॅनिकला स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली किती सरकतो ते अंतर, मोजायला सांगितला. शेव्हर्लेच्या ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक इंजिनात ४०० घनइंचीचा लांब स्ट्रोकचा क्रँक बसवून आणि सिलिंडर तीस हजारांश इंच वाढवून ३८३ बनतं. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात, फरक आत असतो. ३८३ चा स्ट्रोक ३.७५ इंच, ३५० चा ३.४८. आमचा भरला ३.४८. सिलिंडरला वरच्या कडेला बोटानं जाणवेल एवढी झीज होती. म्हणजे इंजिन ३५०, आणि तेही बरंच चाललेलं. १,२०० मैल हा आकडा फक्त डॅशबोर्डवरच्या नव्या मीटरचा होता.

यापेक्षा वाईट बातमी पुढं होती. नॅशनल स्ट्रीट रॉड असोसिएशनचे स्वयंसेवक तेवीस मुद्द्यांची सुरक्षा तपासणी करतात. सत्तरीतले एक आजोबा माझ्या गाडीखाली झोपले, आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मग त्यांनी मलाच खाली बोलावलं. पुढचं सस्पेन्शन मस्टँग टू पद्धतीचं होतं, सत्तरच्या दशकातल्या त्या गाडीवरून आलेलं आणि रॉडमध्ये सर्रास वापरलं जाणारं. त्याचा क्रॉसमेंबर (आडवी तुळई) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्ड करतात, पुढच्या दोन्ही चाकांचा भार त्यावर. आजोबांनी स्क्रूड्रायव्हरनं काळं कोटिंग खरवडलं होतं. वेल्ड नुसतं वर बसलेलं होतं, लोखंडात उतरलेलं नव्हतं, आणि डाव्या बाजूला वीतभर भेग होती. "ही गाडी घरी चालवत नेऊ नका," एवढंच ते म्हणाले. मी टो ट्रक बोलावला. तो फोटो आबांना पाठवायला मला आठवडा लागला.

तोवर गाडीच्या ओळख-नंबराचं लफडंही उघडं पडलं होतं. त्या काळच्या फोर्डचा नंबर पाटीवर नसायचा, तो डाव्या चासी रेलच्या वरच्या अंगावर ठोकलेला असायचा. व्ही-८ चा असेल तर सुरुवात १८ नं. माझ्या चासीवर काहीच नव्हतं, कारण चासीच नवी, आजच्या काळात बनवलेली. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर फायरवॉलवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यावर, रिव्हेट मारलेल्या एका पाटीवर होता, आणि ती पाटी कोणीही बाजारातून कोरून आणू शकतो. परराज्यातली गाडी म्हणून इथं नंबर तपासावा लागतो. तिथून मला हायवे पेट्रोलच्या इन्स्पेक्शनला पाठवलं, सुट्या भागांच्या पावत्या मागितल्या, आणि शेवटी गाडीची नोंद "सेल्फ-असेम्बल्ड", म्हणजे सुटे भाग जुळवून बनवलेली, म्हणून झाली. १९३४ ची फोर्ड म्हणून मी पैसे मोजले होते. कागदावर ती आता तशी नाही, आणि बाजारात त्याची किंमत वजा होते.

पावत्यांवर ज्या शॉपचं नाव होतं तिथं शेवटी मी फोन केला. हा फोन मी खरेदीआधी करायला हवा होता, फक्त वीस मिनिटं लागली. फोनवरचे गृहस्थ आता निवृत्त आहेत. गाडीचा रंग ऐकून त्यांना काही आठवलं नाही, पण छताचं वर्णन ऐकून लगेच आठवलं. बॉडी त्यांच्याकडे आली तेव्हा तिच्याखाली चासी नव्हतीच. त्यांनी नवी चासी आणली, छत उतरवलं, पत्रा सरळ केला. दारांच्या खालचा सहा इंचांचा पत्रा सडलेला आहे, तो कापून नवा लावावा लागेल, असं मालकाला लेखी दिलं. मालकाचे पैसे संपले. तो गाडी ट्रेलरवर घालून घेऊन गेला. "आमच्याकडून गेली तेव्हा तिला पुढचा ॲक्सलसुद्धा नव्हता," ते म्हणाले.

म्हणजे जाहिरातीतलं वाक्य पूर्ण खोटंही नव्हतं. प्रोफेशनल शॉपनं सुरुवात केली होती, शेवट दुसऱ्याच कुणीतरी केला होता. त्यांनी केलेलं छताचं काम खरंच अप्रतिम आहे. खिडक्यांच्या रेषा कुठंही तुटत नाहीत, मागच्या काचेची गोलाई तशीच राहिली आहे. त्याच छताखाली, दारांच्या तळाशी, मी पेंटची जाडी मोजणारं यंत्र लावलं तेव्हा आकडा यंत्राच्या मापाबाहेर गेला. सडका पत्रा तसाच ठेवून वरून लांबी (पुट्टी) भरली होती, काही ठिकाणी अर्धा इंच जाड. लोहचुंबक छताला चिकटलेला मी शोरूमच्या व्हिडिओत पाहिला होता. दाराच्या तळाला त्यांनी तो लावलाच नव्हता, आणि मी लावा म्हटलं नव्हतं.

वकिलाकडे गेलो. जाहिरातीत लिहिलेलं वर्णन कायद्यानं हमी ठरू शकतं, असं ते म्हणाले, आणि मग करार वाचून शांत झाले. गाडी "आहे तशी" विकली. वर्णन मालकानं दिलेलं, शोरूम जबाबदार नाही. तोंडी बोललेलं काही धरलं जाणार नाही. तक्रार त्यांच्याच काउंटीच्या कोर्टात. आणि एक ओळ, जिच्यापुढं मी स्वतः आद्याक्षरं टाकली होती: खरेदीदाराला स्वतंत्र तपासणीची पूर्ण संधी दिली होती. कागदोपत्री ते खरं आहे. जर्मनीचा गिऱ्हाईक फक्त फोनवर होता. मालक म्हणून जी कंपनी होती ती तोवर बंद झाली होती. त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली, तिला शोरूमनं त्याच ओळीचं उत्तर दिलं. दावा लावला असता तर वकिलाची फीच दुरुस्तीच्या खर्चाएवढी झाली असती. सोडून दिलं.

मित्रांना मी आता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: बांधकामाचे फोटो मागा, रंग चढायच्या आधीचे. उघड्या चासीचे, कोटिंग नसलेल्या वेल्डचे, कापलेल्या पत्र्याचे, डॅशबोर्डमागच्या वायरिंगचे. खरा बांधणारा ते शेकड्यानं काढतो, कारण तेच त्याचं काम असतं. पावत्यांच्या गठ्ठ्यावर भुलू नका. पावती पैसे दिल्याचं सांगते, काम पुरं झाल्याचं नाही. पावतीवरच्या शॉपला स्वतः फोन करा आणि विचारा, "तुमच्याकडून गाडी गेली तेव्हा ती चालत होती का?" गाडी लिफ्टवर चढवणारा इन्स्पेक्टर स्वतः शोधा, शोरूमनं सुचवलेला नको. टायटलवरचा नंबर गाडीवर नेमका कुठं आहे त्याचा जवळून फोटो मागा. आणि "आज नाही तर गेली" असं कोणी म्हणालं तर जाऊ द्या.

आतापर्यंत दुरुस्तीला १७,००० डॉलर गेले. दारांचे तळ कापून नवा पत्रा लावला आहे. नवा क्रॉसमेंबर एका पाइपलाइन वेल्डरनं बसवला, मी शेजारी उभा होतो. प्रत्येक जोड रंगाआधी फोटोत घेतला आणि कोल्हापूरला पाठवला. आबांनी एक फोटो परत पाठवला, उजव्या बाजूच्या एका कोपऱ्याभोवती लाल गोल काढून. वेल्डरला दाखवला. त्यानं न बोलता ग्राइंडर उचलला आणि तो कोपरा पुन्हा केला.