बूईचं बेसबॉल स्टेडियम: तासभर आधी जा, नाहीतर अर्धे पैसे वाया

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मेरीलँडमधल्या बूईच्या प्रिन्स जॉर्जेस स्टेडियमचा आहे, पण मध्येमध्ये अजून तीन मैदानं येणार, कारण २०२३ च्या अख्ख्या उन्हाळ्यात आम्ही एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या मागे गाडी घेऊन हिंडत होतो. आणि हो, स्पेलिंग बघून मी दोन वर्षं बोवी बोवी करायचो, शेवटी ऑफिसातल्या एकाने हसू आवरत सांगितलं की बाबा रे, बूई म्हणतात.

पोरगा म्हणजे जॅक्सन हॉलिडे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) बाल्टिमोर ओरिओल्स या टीमने पहिल्या नंबरवर उचलला, थेट ओक्लाहोमातल्या हायस्कूलमधून, आणि सही करायचे ८१.९ लाख डॉलर. वडील मॅट हॉलिडे, सात वेळा ऑलस्टार. म्हणजे घरातच गंगा. तरीही या खेळाचा नियम असा की तू कुणाचाही मुलगा अस, खालून वर ये. लो ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा मायनर लीगच्या पायऱ्या, त्यांच्या वर मेजर लीग, प्रत्येक पायरीवर वेगळं गाव, वेगळा ड्रेस. आमचं नशीब असं की ओरिओल्सच्या या चार पायऱ्यांपैकी तीन मेरीलँडमध्येच होत्या, खालून वर सॅलिसबरी, ॲबरडीन आणि बूई, आणि चौथी व्हर्जिनियात नॉरफोकला. आम्ही राहतो मेरीलँडमधल्याच कोलंबियात. सगळं वीकेंडच्या टप्प्यात.

त्या वर्षी माझे वडील सांगलीहून सहा महिने आले होते. बाबांनी तीस-पस्तीस वर्षं लोकल मॅचेसना अंपायरिंग केलंय, त्यामुळे टीव्हीवर काहीही लावा, ते आधी अंपायर बघतात. बेसबॉलबद्दल मत ठाम होतं, "एवढा मोठा हातमोजा घालून कॅच घ्यायचा, त्यात कसलं कौतुक?" मी म्हटलं चला, घरी बसून नुसता एसी खाण्यापेक्षा बरं. जूनमध्ये ॲबरडीनला गेलो, हे ओरिओल्सचे जुने दिग्गज खेळाडू कॅल रिपकन यांचं गाव, स्टेडियमला नावही त्यांचंच, ९५ नंबरच्या हायवेला अगदी लागून. पण तिथे आम्ही मॅच सुरू झाल्यावर पोचलो, पार्किंगच्या एका ॲपने पैसे दोनदा कापले त्या नादात, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी कुणालाच काही कळलं नाही. बाबा पाचव्या इनिंगला पेंगले.

बूईला मात्र चुकून तासभर आधी पोचलो. वेळ वाचवायचा म्हणून नाही, मोबाइलवर सहाच्या जागी पाच वाचलं म्हणून. आणि तेच वसूल झालं. तिसऱ्या बेसच्या बाजूला, कुंपणापासून चार-पाच रांगा वर, तिकीट आमच्या वेळी पंधरा-वीस डॉलरच्या घरात. मोठ्या टीमच्या मैदानावर एवढ्या जवळ बसायचं तर खिशाला भोक पडतं. इथे खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं, च्युइंग गमचा वास येतो असं आमची लेक म्हणते, ते अतिशयोक्ती धरा.

तर मॅचच्या आधी इनफिल्डवाले, म्हणजे बेसच्या आसपास उभे राहणारे, ग्राउंडर (जमिनीवरून येणारे बॉल) घेत होते. कोचच्या हातात एक लांबडी हडकुळी बॅट असते, तिला फंगो म्हणतात, तिने तो एकामागून एक बॉल जमिनीवरून सोडतो, टप टप टप. शॉर्टस्टॉपची जागा म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, सगळ्यात जास्त धावपळीची. हॉलिडेही त्या रांगेत होता, पण बाबांचं लक्ष भलत्याकडेच गेलं. रांगेत एक वयाने मोठा दिसणारा खेळाडू होता, नाव नाही लिहीत, पंचवीस-सव्वीसचा असेल. उजव्या हाताच्या दोन बोटांना पांढरी टेप, ग्लोव्हची दोरी तुटलेली ती गाठ मारून ओढलेली. तो बॉल पकडत नव्हताच जणू, बॉल ग्लोव्हला लागायच्या आधीच दुसरा हात तिथे आलेला असायचा आणि बॉल हातातून हातात जाऊन निघालेला असायचा. बाबा गप्प. मग हळूच म्हणाले, "अरे, हा मोजा पकडायला नाहीये, हा नुसता वळवायला आहे." तीन महिन्यांत पहिल्यांदा हातमोज्याला बरं म्हणाले.

मग मॅच सुरू झाल्यावर त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर मोजायला घेतलं. बॅटरने मारल्यापासून पहिल्या बेसला पोचेपर्यंत चांगला पळणारा साधारण चार-सव्वाचार सेकंद घेतो, नव्वद फूट अंतर. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने पुढे यायचं, वाकायचं, उचलायचं, पाय जुळवायचे आणि पूर्ण इनफिल्ड ओलांडून फेकायचं. आणि डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोघांना आउट करायचं, असेल तर मध्ये अजून एक माणूस. दुसऱ्या बेसवर येणाऱ्याची पाठ असते पळत येणाऱ्या रनरकडे, त्याला दिसत नाही कोण अंगावर येतंय, बॉल घ्यायचा, वळायचं आणि पहिल्याला मारायचं. बाबांच्या भाषेत, "विकेटकीपरला डोळे बांधून स्टंपिंग करायला सांगितल्यासारखं."

हे लिहितोय कारण पुढे हॉलिडेला नेमकं हेच शिकावं लागलं. वर बाल्टिमोरमध्ये शॉर्टस्टॉपला गनर हेंडरसन बसलेला, तोही बूईच्याच पायरीवरून गेलेला, २०२३ चा अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या खेळाडूंतला सर्वोत्तम. ती जागा काही रिकामी होणार नव्हती. त्यामुळे या पोराला सेकंड बेसला सरकावलं. आपल्याकडे ओपनरला सहाव्या नंबरवर पाठवतात तसंच, फक्त इथे सवयीची सगळी पावलं उलटी करावी लागतात.

आता थोडा हिशोब, कारण बाबांनी तोही विचारला. "ह्या टेपवाल्याला किती मिळत असतील?" मी शोधून काढलं. २०२३ च्या आधी डबल एचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलर होता, त्या वर्षी खेळाडूंच्या युनियनचा मायनर लीगसाठी पहिला करार झाला आणि तो ३०,२५० वर गेला. राहायची सोय टीमने करायची हे २०२२ पासून आलं, त्याआधी चार-पाच जण एका अपार्टमेंटमध्ये हवेच्या गाद्यांवर झोपायचे. आणि वर मेजर लीगला पोचलात की २०२३ मध्ये किमान ७,२०,००० डॉलर. मधली भिंत केवढी ते बघा. शेजारी उभे राहून एकाच फंगोचे बॉल घेणारे दोघे, एकाच्या खात्यात ऐंशी लाखाच्या वर जमा आणि दुसरा अमेरिकेत ज्यात धड गाडीचा हप्ता निघत नाही अशा पगारात. बाबा म्हणाले रणजीतही असेच असतात लेका, दहा वर्षं दोन हजार धावा करून बँकेच्या टीमकडून खेळत राहतात.

हॉलिडेचा वेग मात्र वेड लावणारा होता. सॅलिसबरीला १४ मॅच, ॲबरडीनला ५७, बूईला ३६, नॉरफोकला १८, सगळं एकाच सीझनमध्ये, चारही ठिकाणची मिळून सरासरी .३२३, म्हणजे दर तीन वेळांत जवळपास एक हिट (बॉल मारून बेस गाठणं). आम्ही सॅलिसबरीला गेलो तेव्हा तो कधीच पुढे गेला होता, आम्ही नुसतं चेसापीक बे ब्रिज ओलांडायच्या हौसेने गेलो (बायकोने डोळे मिटून ओलांडला). सप्टेंबरात नॉरफोक. तिथलं हार्बर पार्क दिसायला चारही मैदानांत एक नंबर, भिंतीपलीकडे एलिझाबेथ नदी, टग बोटी जाताहेत, शेजारी ट्रामचा स्टॉप. बघायला सुंदर, पण खेळ कळायला बूईच भारी. नॉरफोकच्या टीमने त्या वर्षी ट्रिपल एची चॅम्पियनशिप जिंकली.

खाणं. इथे तुमच्या अपेक्षा आवरा. चार मैदानांपैकी एका ठिकाणी, कुठल्या ते नाही सांगत, काउंटरवरच्या मुलाने छातीठोकपणे व्हेज सांगून दिलेल्या नाचोजमध्ये खाली खिमा निघाला, आईच्या पुण्याईने पहिला घास लेकीच्या पोटात गेला नाही. तेव्हापासून आम्ही ओल्ड बे मसाला मारलेल्या फ्राइज आणि लेमोनेडवर भागवतो. ओल्ड बे म्हणजे मेरीलँडची चटणीच समजा, खेकड्यांपासून पॉपकॉर्नपर्यंत सगळ्यावर. बाबांना आवडला, जाताना दोन डबे सांगलीला नेले, आता पिठलं करताना टाकतात म्हणे. आई फोनवर त्याबद्दल बोलत नाही.

मुलांना घेऊन जाणार असाल तर इनिंगच्या मधले खेळ, लुई नावाचा हिरवा मॅस्कॉट, मॅचनंतरचे फटाके हे सगळं आहेच. सोमवारी जाऊ नका, मायनर लीगला सोमवारी सुट्टी असते, एकच पाहुणा संघ मंगळवार ते रविवार सहा मॅचेस खेळतो. ॲल्युमिनियमच्या बाकांवर बसणार असाल तर घरून उशी न्या, जुलैमधलं ते ऊन आणि तो बाक, पुढचं मी लिहीत नाही. आणि २०२५ पासून टीमचं नाव बूई बेसॉक्स नाही, चेसापीक बेसॉक्स झालंय, तिकीट शोधताना गोंधळ होतो.

२०२४ च्या १० एप्रिलला हॉलिडे बोस्टनला फेनवे मैदानावर पहिली मेजर लीग मॅच खेळला. बाबा तोपर्यंत सांगलीत परत. पहिल्या दहा मॅचमध्ये ३४ पैकी फक्त २ हिट, १८ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून आउट), आणि परत नॉरफोक. मी बाबांना फोन केला तर ते अजिबात हळहळले नाहीत, म्हणाले आता तुम्ही नॉरफोकला जाऊन बघा, आता खरं बघण्यासारखं असेल. आम्ही गेलो नाही, शाळा, ऑफिस, नेहमीचंच. ३१ जुलैला त्याला परत वर बोलावलं आणि त्याच दिवशी टोरांटोविरुद्ध बेसेस भरलेल्या असताना होमरन, बॉल थेट मैदानाबाहेरच्या यूटॉ स्ट्रीटवर. मेजर लीगमधली त्याची पहिलीच होमरन. क्लिप पाठवली. तासाभराने बाबांचं उत्तर आलं, "छान. त्या टेपवाल्याचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. शोधलं तर पुढच्या वर्षीच्या बूईच्या यादीत नाव नव्हतं, वर ट्रिपल एमध्येही नाही. बाबांना अजून सांगितलं नाहीये.

सव्वाचार स्टार. पाऊण कापला तो उन्हाचा, त्यात मैदानवाल्यांची काही चूक नाही.