हात न टेकता उठा बघू, मावशी

या संधिवाताच्या दवाखान्याला पाचपैकी चार तारे देतोय. कापलेला एक तारा जिन्याचा आहे, डॉक्टरांचा नाही.

माझी आई बावीस वर्षं कडक भाकरी करून विकते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला तिला देवळाच्या पायऱ्या चढवेनात. मग पिठाची परात उचलवेना, वेणी घालताना हात वर जाईना. संडासातून उठायला दाराची कडी धरायची. दुखत काही नव्हतं, म्हणून आम्ही वय झालं म्हणत राहिलो. पापण्या जांभळट सुजल्या, तर चुलीची धग लागली असेल म्हणून सोडून दिलं.

आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी रक्त तपासलं. एसजीओटी २१२, एसजीपीटी १४८ आले, म्हणजे लिव्हरसाठी बघतात ते दोन्ही आकडे वाढलेले, आणि लिव्हरला सूज आहे असं सांगून औषध सुरू झालं. अडीच महिने आई बिनतेलाचं जेवली. शेंगाचटणीसुद्धा बंद. ताकद उतरतच गेली आणि शेवटी पाण्याचा घोट घेताना ठसका लागायला लागला. ते अडीच महिने मला अजून छळतात.

मग एका नातेवाइकाने या संधिवाताच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, हाताची घडी घाला आणि हात न टेकता उठा बघू." आई उठू शकली नाही. मग त्यांनी आईचे हात उजेडात धरले. बोटांच्या पेरांवर लालसर, खरबरीत उंचवटे होते. आम्ही रोज बघत होतो, पिठामुळे कातडी फुटली असं समजत होतो. पापण्या बघितल्या आणि त्याच वेळी आजाराचं नाव सांगितलं: डर्मॅटोमायोसायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर आणि कातडीवर उलटते.

एसजीओटी आणि एसजीपीटी लिव्हरमधून येतात तसे स्नायूंमधूनही येतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. लिव्हर बिघडलं की वाढते ती जीजीटी तपासली, ती नॉर्मल. स्नायूंना इजा झाली की वाढते ती सीपीके मात्र ६,८४०, जी साधारण दोनशेच्या आत असायला हवी. ही एक तपासणी जानेवारीत झाली असती तर! अँटीबॉडीची महागडी तपासणी मुंबईला गेली, त्यात एमआय-२ ही या आजाराची खूण असलेली अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. कातडीची खूण आणि रिपोर्ट इतके स्पष्ट आहेत की स्नायूचा तुकडा काढायची आत्ता गरज नाही, असं मॅडम म्हणाल्या. छातीचा सीटी मात्र लगेच केला, कारण या आजारात फुप्फुसं धरली जाऊ शकतात. मोठ्या वयात हा आजार झाला तर कधी त्याच्यामागे कॅन्सर लपलेला असतो, म्हणून मॅमोग्राफी आणि पोटाची सोनोग्राफीही झाली. हे त्यांनी आईसमोरच, खुर्ची जवळ ओढून सांगितलं. सगळं साफ निघालं.

आईचं वजन ५२ किलो. रोज सकाळी ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईड, सुरू झालं. उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ते रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून कंपाउंडरने स्ट्रिपवर लाल पेनने 'फक्त रविवार' लिहून आईकडून तीनदा वदवून घेतलं. सोबत फॉलिक ॲसिड, कॅल्शियम आणि घरी करायचे हलके व्यायाम. उन्हात छत्रीशिवाय जायचं नाही. सोलापूरच्या एप्रिलात हे वेगळं सांगायलाच नको, पण या आजारात ऊन कातडीला मुद्दाम बाधतं.

सहा आठवड्यांत सीपीके ११५० वर आली. ताकद तेवढ्या झपाट्याने येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. तोंड सुजलं, शुगर वाढली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "स्टेरॉईड सोडून दे गं." अचानक सोडायचं नाही, हे आईला पाठ होतं. डोस हळूहळू मॅडमच कमी करतायत. परवा ती स्वतःची वेणी स्वतः घालत होती. मी दारातच थांबून बघत राहिलो.

आता तक्रार. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आठवड्यातून दोनदा तरी बंद असते. ज्यांना पायरी चढवत नाही असेच पेशंट इथे येतात. पहिल्या दिवशी मी आईला पाठीवर घेऊन चौदा पायऱ्या चढलो. मॅडम, तुमच्याबद्दल मनात फक्त आदर आहे, पण खाली तपासणीची एक खोली करा. नंबर लागला तरी दोन-तीन तास बसावं लागतं. बाकांना पाठ नाही, गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी तेवढा वेळ उपाशी राहणं जड जातं, तेव्हा मऊ खाणं बरोबर न्या. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, पहिल्या भेटीत त्या एकेक बघतात. लिफ्ट बंद असेल तर खाली वॉचमनला सांगा, कंपाउंडर खुर्ची घेऊन खाली येतो.