ट्रान्समिशन डीमनचा वेब इंटरफेस: हलका, पण सेटिंगला हट्टी
मॉनिटर नसलेल्या मशीनवर टॉरेंटसाठी ट्रान्समिशन डीमन (ट्रान्समिशनचा पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) उत्तम. इंटरफेस ब्राउझरमध्येच, पोर्ट ९०९१ वर उघडतो. खरी मेख सेटिंग्ज साठवणाऱ्या जेसन (JSON) फाइलमध्ये आहे. डीमन चालू असताना ती बदलली, तर बंद होताना तो जुन्याच सेटिंग्ज परत लिहितो. म्हणून आधी डीमन थांबवा. आरपीसी व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे डीमनला जोडायची परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत, सुरुवातीला फक्त त्याच मशीनचा पत्ता (१२७.०.०.१) धरलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ४०३ (परवानगी नाही) एरर येते. तिथे १९२.१६८.१.* असा आपल्या नेटवर्कचा पत्ता घाला. व्हाइटलिस्टच बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. पासवर्डशिवाय तो धोक्याचाच. पासवर्ड त्याच फाइलमध्ये आहे तसा, उघड लिहा, सुरू होताना डीमन त्याचा हॅश (न वाचता येणारं रूप) करतो. डाउनलोड फोल्डरमध्ये लिहायची परवानगी डीमनच्या युजरला हवी, तुमच्या नव्हे. टॉरेंट शेकड्यांनी असतील तर ब्राउझरऐवजी ट्रान्समिशन रिमोट जीटीके हे वेगळं ॲप जास्त सोयीचं.