कावा दाऊन: करवंटीतला कॉफीच्या पानांचा चहा

इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रात पाडांगहून बुकिटिंग्गीला जाणार असाल तर बातूसांकारवरून जा. लांब पडतं, पण त्या रस्त्याला कावा दाऊनच्या टपऱ्या लागतात. दाऊन म्हणजे पान. कावा गनिमी नव्हे, अरबी 'कहवा'तला.

आम्ही थांबलो तिथे पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि समोर भातखाचरं. कॉफीची पानं बांबूच्या काडीत अडकवून चुलीवर इतकी भाजतात की हातात चुरा होतो. तोच उकळून करवंटीत देतात, खाली बांबूचं कडं. मी गुहागरची, करवंटीच्या डवल्या बघत वाढलेली. म्हणून आधी काठावरून बोट फिरवलं. गुळगुळीत! एक कूस लागली नाही.

कॉफीची चव शोधायला जाऊ नका. फिका कोरा चहा, धुराचा वास, शेवटी जरा तुरट. साखर कमी सांगा, नाहीतर पाक येतो.

मालकीणबाईंना विचारलं, बिया सोडून पानं का? "बलांदा," एवढंच म्हणाल्या. बलांदा म्हणजे डच. १८३३च्या जाहीरनाम्यात डचांनी इथल्या मिनांगकाबाऊ लोकांना कर लावणार नाही असा शब्द दिला होता. कर नाही लावला. १८४७पासून कॉफी लावायला लावली. पीक सरकारी गोदामातच घालायचं, तेही सरकार ठरवेल त्या पडेल भावाने. गावच्या पुढाऱ्यांना त्यात दलाली, मग तक्रार करायची कोणाकडे? बी घरात राहीना म्हणून लोक पानं उकळू लागले, असं इथे सगळे सांगतात. १९०८मध्ये ही सक्ती उठली आणि तिच्या जागी रोख कर आला, तो शब्द मोडूनच. त्यावर कामांग आणि मांगोपोहला लोक उठले, डचांनी गोळ्या घातल्या.

एक तक्रार: केळ्याची भजी गार होती, सकाळचीच असावी. करवंटीला आठ हजार रुपिया, म्हणजे चाळीसेक रुपये, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पाचपैकी चार.

परतताना एका दुकानातून तयार पाकीट घेतलं, ते घेऊ नका. घरी उकळलं तर नुसतं रंगीत पाणी. मालकीणबाईंनी हौसेने दिलेली करवंटी मात्र आणली आहे. सध्या तिच्यात खडेमीठ असतं.