जाहिरातींनी भरलेला घरचा संगणक: स्वतः साफ करावा, दुकानात न्यावा की सरळ फॉरमॅट मारावा?

क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं. कोपऱ्यातून सारखी ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ अशी पट्टी वर सरकते. मुलाचा गृहपाठ छापायला घ्यावा, तर आधी जुगाराची जाहिरात बंद करावी लागते. अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारी म्हणतो, फॉरमॅट मार. चवथीला मुंबईहून आलेला भाचा म्हणतो, चांगला अँटिव्हायरस विकत घे. म्हापशातला दुकानवाला म्हणतो, ठेवून जा, संध्याकाळी बघू. तिघांचाही सल्ला कुठे ना कुठे लागू पडतो, पण एकाच संगणकाला तिन्ही लागू पडत नाहीत.

माझं मत आधीच सांगतो. नुसत्या जाहिराती त्रास देत असतील तर खिशात हात घालू नका, एक दुपार काढा. पण ज्या संगणकावर कोणी क्रॅक केलेलं (परवाना चुकवून फुकट चालवलेलं) सॉफ्टवेअर चालवलंय आणि ज्यावरून बँकेचे व्यवहारही होतात, तो साफ करत बसू नका. पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाका. संगणक किती हळू चालतो यावरून निर्णय घेऊ नये. त्यात काय शिरलं आणि कुठल्या वाटेने, हे बघावं.

आधी बघा, व्हायरस तरी आहे का

कोपऱ्यातल्या त्या भीतीदायक पट्ट्या पुष्कळदा व्हायरस नसतातच. कुठल्याशा साइटवर क्रिकेटचा सामना फुकट बघताना ‘अलाऊ’ दाबलेलं असतं, आणि त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळालेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम. कित्येक घरांत प्रकरण इथेच मिटतं, आणि याच कामाचे दुकानात ‘सर्व्हिसिंग’ म्हणून पैसे लागतात.

त्यानंतर एक्स्टेन्शन्सची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) यादी बघा. आपण न टाकलेलं कूपनवालं, पीडीएफवालं, सर्चवालं जे काही असेल ते काढा. इथे एक गोम आहे. क्रोममध्ये गूगल खात्याचं सिंक चालू असेल, तर एका संगणकावरचं खोडसाळ एक्स्टेन्शन दुसऱ्यावरही पोचतं आणि फॉरमॅटनंतर पुन्हा हजर होतं. ‘कालच फॉरमॅट मारला, आज परत तेच’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून ते प्रत्येक संगणकावरून काढायचं.

घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल, तर मात्र दाल में काला है असं समजा. तुमच्या घराची कुठली ऑर्गनायझेशन? काही अँटिव्हायरसही ही नोंद करतात, पण अनेकदा ती ॲडवेअरने (जाहिराती दाखवणाऱ्या घुसखोर सॉफ्टवेअरने) केलेली असते, म्हणजे तुम्हाला एक्स्टेन्शन काढताच येऊ नये.

पडदाभर लाल पान येऊन त्यावर फोन नंबर झळकत असेल, तर तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपची कळ दाबून धरा, किंवा ऑल्ट आणि एफ४ दाबा, पान जाईल. कोणी आधीच फोन करून ॲनीडेस्क या दुरून संगणक हाताळायच्या ॲपवरून समोरच्याला संगणक हाताळायला दिला असेल, तर मामला साफसफाईच्या पलीकडे गेला. इंटरनेट तोडा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. संगणकाचं मग बघू.

फुकटची साधनं की विकतचा अँटिव्हायरस

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीच असतो. ‘तो काही कामाचा नाही’ हे मत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं, लोक अजून तेच उगाळतात. आज घरगुती वापराला तो पुरतो. अडचण वेगळीच असते. लॅपटॉपबरोबर आलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस मुदत संपून तसाच पडलेला असतो, आणि दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो. तो मुदत संपलेला पाहुणा आधी ॲप्सच्या यादीतून काढा.

डिफेंडरचा ‘फुल स्कॅन’ जुन्या हार्ड डिस्कवर तासन्तास चालतो, तो रात्री लावून झोपा. त्यापेक्षा कामाचा आहे ‘ऑफलाइन स्कॅन’. यात संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजच्या आड लपणाऱ्या घुसखोराला आडोसा मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्याच्या जोडीला ॲडवेअरसाठी मालवेअरबाइट्सचं ॲडक्लीनर घ्या. ते इन्स्टॉल करावं लागत नाही, फुकट आहे, आणि ब्राउझरमधला कचरा डिफेंडरपेक्षा जास्त बारकाईने वेचतं. क्रोमची ती ‘ऑर्गनायझेशन’वाली नोंद काढायची सोयही त्यात आहे. मात्र ते कंपनीच्याच साइटवरून उतरवा. सर्चमध्ये सर्वांत वर जाहिरात म्हणून येणाऱ्या दुव्यावरून नको, कारण व्हायरस काढणाऱ्या साधनांच्या नावाखालीच व्हायरस वाटले जातात.

सरकारी पर्यायही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथे बॉट (संगणक दुसऱ्याच्या ताब्यात देणारे घुसखोर प्रोग्रॅम) काढायची साधनं मोफत मिळतात. मला ते दुसरं मत घेण्यापुरतं बरं वाटतं, मुख्य इलाज म्हणून नाही.

आता विकतचा. पुण्याच्या काटकर बंधूंची क्विक हील कंपनी दुरुस्तीच्या धंद्यातून उभी राहिली, त्यामुळे आपल्याकडच्या दुकानांत तिची खोकी अजूनही मिळतात. विकतच्या पॅकेजमध्ये मुलांसाठी नियंत्रण, पेन ड्राइव्हची आपोआप तपासणी, फोनवर मदत अशा गोष्टी मिळतात. घरात दहा वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीचे आजोबा एकच संगणक वापरत असतील, तर त्या मदतीला किंमत आहे. पण भाच्याच्या सल्ल्यातली चूक अशी की, विकतचा अँटिव्हायरस मुख्यतः पुढच्यासाठी असतो. आधीच घुसलेलं एक्स्टेन्शन आणि दिलेली परवानगी तो काढेलच असं नाही. आधी साफ करा, मग हवा तर घ्या. आणि दोन एकदम नकोत, एकमेकांच्या पायात पाय घालतात.

फुकट अँटिव्हायरस बाहेरून आणायचा असेल तर एवढं लक्षात घ्या. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर असताना ही जोखीम कशाला घ्या?

दुकान

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही जा, घरगुती संगणकाला दुकानाचं उत्तर बहुधा एकच, ‘फॉरमॅट मारतो’. त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. एकेक एक्स्टेन्शन शोधत बसायला त्यांना परवडत नाही, फॉरमॅट ठरावीक वेळात होतो. संगणक सुरूच होत नसेल, हार्ड डिस्क खडखडत असेल, किंवा घरात कुणालाच हात लावायचा धीर नसेल, तर दुकान हाच मार्ग, आणि चांगला कारागीर मिळाला तर पैसे वसूल.

माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. पहिली म्हणजे बिनपरवान्याचं विंडोज. काही ठिकाणी फॉरमॅटनंतर ‘ॲक्टिव्हेटर’ चालवून विंडोज चालू करून देतात. त्यासाठी डिफेंडर बंद करावा लागतो, आणि असे ॲक्टिव्हेटर हेच मालवेअरचं (घातक सॉफ्टवेअरचं) लाडकं वाहन आहे. पैसे देऊन साफ केलेल्या घरात चोराला किल्ली देण्यासारखं हे. तुमच्या लॅपटॉपबरोबर विंडोज ८, १० किंवा ११ आलं असेल, तर त्याची ‘की’ (परवान्याचा क्रमांक) बहुधा मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली तर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, क्रॅकची गरजच नाही. हे दुकानात आधी बोलून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्धा फॉरमॅट. आपल्याकडे डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची जुनी सवय. दुकानात सी तेवढा पुसतात, डीवरचे फोटो आणि सेटअप तसेच ठेवतात. सॅलिटी, रॅमनिट यांसारखे व्हायरस डीवरच्या ईएक्सई (प्रोग्रॅम चालवणाऱ्या) फायलींमध्ये जाऊन बसतात. त्यातला एक सेटअप चालवला की पुन्हा सगळं होतं तसं.

आणि झेरॉक्सच्या दुकानातला पेन ड्राइव्ह! फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की फायली गेल्या म्हणून लोक रडकुंडीला येतात. त्या बहुतेक वेळा फक्त लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता ड्राइव्ह स्कॅन करा, मग लपलेल्या फायली दाखवायची सोय चालू करा. दुकानात न्यायची गरज नाही.

स्वतः फॉरमॅट

विंडोजमध्येच ‘रीसेट धिस पीसी’ असतं. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर कागदपत्रं राहतात, पण टाकलेली सगळी सॉफ्टवेअर जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं तर सगळंच जातं. ‘क्लाउड डाउनलोड’ घेतलं तर विंडोजची ताजी प्रत इंटरनेटवरून येते, सुमारे ४ जीबी. संसर्गाची शंका असताना हाच पर्याय बरा, जुन्या डिस्कवरच्या विंडोजवर विसंबावं लागत नाही. काही तास मोकळे ठेवा. पावसाळ्यात हे काम दुपारी विजा कडाडत असताना काढू नका. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि मध्येच वीज गेली, तर मग खरोखरच दुकान गाठावं लागेल.

हा मार्ग कुणी निवडावा? ज्याने क्रॅक केलेलं फोटोशॉप, गेम किंवा ऑफिस टाकलंय त्याने. अशा क्रॅकमधून पासवर्ड चोरणारे मालवेअर येतात, आणि ते जाहिराती दाखवत नाहीत, म्हणून कळतही नाहीत. लुम्मा नावाच्या अशा एका चोराची यंत्रणा मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये न्यायालयाची मदत घेऊन खिळखिळी केली. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरातल्या ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत तो सापडला होता. इथे स्कॅन करून तो काढला तरी गेलेले पासवर्ड परत येत नाहीत. ते दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, जीमेलचा आणि बँकेचा सगळ्यांत आधी, आणि सगळीकडून लॉगआउट करा.

एका बाबतीत फॉरमॅटची घाई करू नका. फायलींची नावं बदलली असतील, त्या उघडत नसतील आणि खंडणीची चिठ्ठी दिसत असेल, तर डिस्क बाजूला काढून ठेवा. २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलीस यांनी काही कंपन्यांसोबत सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही रॅन्समवेअरच्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरच्या) मोफत किल्ल्या मिळतात. डिस्क पुसली की तीही वाट बंद.

मराठी लिहिणाऱ्यांनी बॅकअप घेताना जरा जास्त काळजी घ्यावी. गोव्यात देवस्थान समितीचे अहवाल, जत्रेतल्या नाटकाच्या संहिता, भजनी मंडळाची पत्रकं पुष्कळदा युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपीसारख्या फॉन्टांत पडून असतात. फाइल वाचवली आणि फॉन्ट विसरला, तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून फॉन्टच्या फायली आणि परवान्याचे तपशील आधी उतरवून ठेवा. बॅकअपमध्ये दस्तऐवज, फोटो, पीडीएफ एवढंच घ्या, सेटअपच्या ईएक्सई नकोत. आणि गहाळ फॉन्ट ‘फ्री डाउनलोड’च्या साइटवरून परत मिळवायला जाऊ नका, हिरव्या रंगाची भलीमोठी डाउनलोडची बटणं तिथेच असतात.

विंडोजच सोडलं तर?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षा अपडेट वाढवून घ्यायची सोय घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. जुना संगणक विंडोज ११ ला चालत नसेल, तर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून बघा. विंडोजसाठी लिहिलेलं ॲडवेअर तिथे सहसा चालत नाही (क्रोमच्या नोटिफिकेशन्स मात्र तिथेही तशाच). टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीचं काम असेल तर नको. नुसतं ब्राउझर, ईमेल आणि यूट्यूबवरचं कीर्तन असेल तर खुशाल.

मग कोणी काय करावं

शाळकरी मुलांचं घर, जाहिराती खूप, क्रॅक नाही: नोटिफिकेशन्स, एक्स्टेन्शन्स, ऑफलाइन स्कॅन, ॲडक्लीनर, याच क्रमाने. मुलाला वेगळं साधं खातं काढून द्या, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊ नका.

मुलं दुबईला किंवा जहाजावर आणि घरी दोघंच म्हातारी माणसं: विकतचा अँटिव्हायरस इथे पटतो. शिवाय मुलाने विंडोजमधल्या क्विक असिस्टवरून (दुरून संगणक बघायच्या सोयीवरून) महिन्यातून एकदा बघावं, फक्त आई-बाबांनी स्वतःहून मुलाला फोन लावल्यावरच.

समितीचा किंवा छोट्या धंद्याचा संगणक, चार जणांच्या हातातला, पेन ड्राइव्ह येत-जात असलेला: फॉन्ट आणि हिशेबांचा बॅकअप, मग पूर्ण पुसणं. स्वतः जमत नसेल तर दुकानात द्या, पण सांगून द्या: सगळे ड्राइव्ह पुसायचे, आहे तोच परवाना वापरायचा, ॲक्टिव्हेटर नको. परत घेताना दुकानातच सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान आणि डिफेंडर चालू आहे ते बघा, मग पैसे द्या.